चौथी वही

१७ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्यांनी जानेवारीत दिली होती. तेव्हापासून कपाटावर कोरीच पडली होती. आज धूळ झटकून घेतली, कारण कॉलेजात समुपदेशन करायला आलेल्या बाई म्हणाल्या, रोज काय केलं ते लिहीत जा, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळतं. माझा वेळ कुठे जातो ते मला कळलेलं आहे. तो टाइमटेबल करण्यात जातो. जूनपासून हे सातवं. प्रत्येकात सकाळी साडेपाचला उठायचं लिहिलंय आणि एकदाही उठलेले नाही.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. बारावी सायन्सचं सगळं इंग्रजीत आहे. फिजिक्सचं एक पान वाचायला मला चाळीस मिनिटं लागतात, त्यातली वीस डिक्शनरीत. अशी किती पानं उरलीत ते मी मोजलं नाही, मुद्दामच.

पण आज एक मार्ग निघाला. अंकिताने सुचवला. अंकिता माझी अकरावीपासूनची मैत्रीण, नेऱ्याच्या बळीरामशेठची मुलगी. ती, प्रणित आणि अनुया तिघं खारघरला क्लासला जातात आणि कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवतात. ती म्हणाली, "चौघं मिळून काम वाटून घेऊ ना. फिजिक्सच्या नोट्स मी देते, केमिस्ट्रीच्या प्रणित, मॅथ्सच्या अनुया. तू फक्त बायोची जर्नल लिही, चौघांची. तुझं अक्षर बघून मॅडम खल्लास होतील."

जर्नल म्हणजे प्रयोगवही. चोवीस प्रयोग, उजव्या पानावर पेनने मजकूर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती. पहिल्या पानावर सर्टिफिकेट असतं, त्यावर मॅडमची सही लागते. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही आणि प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही.

तीन विषयांच्या आयत्या नोट्स आणि त्या बदल्यात नुसतं लिहायचं. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अंकिताची वही आधी घेतली. तिला माझंच अक्षर हवंय, दुसरं काही चालणार नाही म्हणाली. प्रणितची तिरक्या अक्षरात लिहीन आणि अनुयाची सुट्या अक्षरांत, म्हणजे मॅडमना शंका यायला नको. मला जमतं ते. अब्बा दोहाला जाण्याआधी पनवेलमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठी, इंग्रजी, उर्दू, तिन्ही. पुढे सगळीकडे फ्लेक्स आले आणि ब्रश माळ्यावर गेले. माझ्या हाताला वळण त्यांनी लावलं. इंग्रजी जी आणि वायची शेपटी खाली नेऊन आत वळवायची आणि टोक हळूच वर उचलायचं, ही त्यांची खास खूण. आता ती माझी पण आहे.

अम्मी साडीला फॉल लावत बसली होती. म्हणाली, "ही कोणाची वही?"

"अंकिताची."

"आणि तुझी?"

"माझी शेवटी."

"इम्तिहान तिचा आणि मेहनत तुझी. खुदा जाणे काय शिकवतात तुमाला कॉलेजात."

तिला वाटणीचं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या नोट्स कुठंयत?" येतील ना. सोमवारीच तर ठरलंय.

३० नोव्हेंबर, रविवार

ग्रुप स्टडीसाठी नेऱ्याला अंकिताकडे गेले. स्टडी झाला नाही. प्रणितने नवीन गाडी आणली होती, तो आणि अनुया एक चक्कर मारायला गेले ते दीड तासाने आले. तोपर्यंत मी कांद्याच्या मुळाच्या टोकाची आकृती काढली. अंकिताला नखांना रंग लावायचा होता, हात अडकले म्हणून तिने मला मजकूर वाचून दाखवला. तेवढीच मदत.

तिच्या आईने तळलेली सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या आणून ठेवल्या. "खा गो. बारावी हाय म्हनून काय उपाशी रनार? काडी झालीस नुसती." मग टेबलावरची अंकिताची वही उचलली आणि पानं उलटत राहिल्या. "आमची अंकिता बग कशी लिवते. मना तर वाचता नाय येत, पन बगतच रावासा वाटतो. पावने आलं का मी ही वहीच दाखवनार."

माझ्या हातात पेन्सिल होती. अंकिताने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, मीही हसले. आईला खरं सांगितलं असतं तर बिचारीचा आनंद गेला असता.

नोट्सचं विचारलं. अंकिता म्हणाली, या आठवड्यात नक्की.

६ डिसेंबर, शनिवार

नोट्स आल्या. दोनशे चाळीस पानांची फाईल, क्लासमधल्या छापील पुस्तकाचे मोबाईलवर काढलेले फोटो. काही आडवे, काहींवर कोणाचा तरी अंगठा. माझ्या फोनवर उघडताना अडकते. सगळं इंग्रजीतच. मला वाटलं होतं ती सोपं करून लिहून देईल. पण मी तसं स्पष्ट म्हटलंच नव्हतं, त्यामुळे चूक माझीच.

प्रणित आणि अनुयाने काही पाठवलेलं नाही. त्यांच्या क्लासच्या टेस्ट चालू आहेत.

अंकिताची वही पूर्ण झाली. प्रणितची नवव्या प्रयोगापर्यंत आली. तिरकं लिहिताना मनगट दुखतं. टाइमटेबल क्रमांक आठ केलं. त्यात फिजिक्सला रोज अडीच तास दिलेत. आज फिजिक्सची पंधरा मिनिटं झाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज खूप छान वाटलं, म्हणून मोठ्ठं लिहितेय.

दमयंती मॅडम आम्हाला बायो शिकवतात. कडक आहेत, कोणाचं कौतुक करत नाहीत. आज प्रॅक्टिकलच्या तासाला त्यांनी अंकिताची वही सगळ्यांसमोर उघडून धरली. म्हणाल्या, "वीस वर्षं वह्या तपासतेय. इतकी नेटकी क्वचित हातात येते. आकृतीत एक रेघ जास्त नाही. बघून घ्या सगळ्यांनी." आणि तिथल्या तिथे सर्टिफिकेटवर सही केली. वही नमुना म्हणून प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवणार आहेत.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. जरा जोरातच वाजवल्या असतील, कारण प्रयोगशाळेचे महादेव मामा माझ्याकडे बघत राहिले. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याच प्रयोगशाळेत बसून लिहिते, त्यांना माहीत आहे.

अब्बांना फोनवर सांगावंसं वाटलं. पण सांगणार काय? ते म्हणाले, "तुझी वही झाली की फोटो पाठव. इथं रूमवाल्यांना दाखवतो." म्हटलं, माझी शेवटी आहे अब्बा, पण पाठवते.

२४ डिसेंबर, बुधवार

प्रणितची झाली. अनुयाची झाली. दोघांच्या सह्याही झाल्या. प्रणितने "थँक्स बॉस" असा मेसेज टाकला. मॅथ्सच्या नोट्स अनुया देणार होती, पण ती नाताळच्या सुट्टीत गोव्याला जाणार आहे.

पूर्वपरीक्षा पाच दिवसांवर आलीय. रोज सकाळी ठरवते की आजपासून झडझडून सुरुवात करायची. मग पुस्तक उघडलं की सगळं एकदम अंगावर येतं आणि मी पुस्तक मिटून माझी वही काढते. लिहिताना निदान काहीतरी होतंय असं वाटतं.

५ जानेवारी, सोमवार

डायरीतलं वर्ष संपलं. पण सुरुवातीची जानेवारीची पानं कोरीच होती, म्हणून मागे येऊन इथे लिहितेय. फक्त वार एकाने पुढे धरायचा.

पूर्वपरीक्षेचे मार्क लागले. पेपर या वेळी बाहेरच्या शिक्षकांनी तपासले. फिजिक्स सत्तरपैकी एकोणीस. केमिस्ट्री तेवीस. मॅथ्सचे लिहीत नाही. बायोत त्रेपन्न आहेत, ते कसे आले कळत नाही. मी बायोचं पुस्तक उघडलंही नव्हतं. नुसत्या वह्या लिहिल्या.

अम्मीने मार्कशीट बघितली आणि घडी घालून कुराणशरीफच्या शेजारी ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

८ जानेवारी, गुरुवार

आज माझी वही दिली. सगळ्यांत शेवटी, चौथी. तिरकं अक्षर प्रणितचं झालं होतं, सुटं अनुयाचं. मी माझी आपल्या साध्या अक्षरात लिहिली. दुसरं सुचलंही नाही.

मॅडमनी चार पानं उलटली आणि थांबल्या. "महेक, ही वही कोणी लिहिली?"

"मी, मॅडम."

त्या उठल्या, काचेच्या कपाटातून अंकिताची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. तेच पान, कांद्याच्या मुळाचं टोक. जीच्या शेपटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या वहीतल्या जीच्या शेपटीवर.

"आणि ही कोणी लिहिली?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं आणि ते दुसऱ्यांदा देता येत नव्हतं. दिलं तर अंकिताची सही जाणार. मग प्रणितची, अनुयाची.

मॅडमनी अंकिताला बोलावलं. ती आली, दोन्ही वह्या बघितल्या आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "मॅडम, तिचं मराठी मीडियम होतं ना. तिला इंग्लिशचं खूप टेन्शन येतं. म्हणून मी थोडी हेल्प केली."

"थोडी? चोवीस प्रयोग?"

"सॉरी मॅडम."

"दुसऱ्याचं काम करून देणं म्हणजे मैत्री नाही, अंकिता. त्याने समोरच्याचं नुकसानच होतं." हे त्या अंकिताकडे बघून बोलल्या. लागलं मात्र मला.

मग माझ्याकडे वळल्या. आवाज बराच खाली आणला. "वीस तारखेपर्यंत सगळी वही पुन्हा लिहून आण. तुझं अक्षर वाईट असलं तरी चालेल मला, बाळ. पण ते तुझं पाहिजे. नाहीतर मी सही करणार नाही."

मी हो म्हणाले.

बाहेर आल्यावर अंकिताचा मेसेज होता. "सॉरी यार. काहीच सुचलं नाही. माझी सही झाली होती ना. मला माहीत होतं तू समजून घेशील." घाबरली होती ती, काय करणार. मी लिहिलं, घेतलं समजून.

मग कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. का ते नीट सांगता येणार नाही. राग आला असं म्हणावं तर कोणाचा?

१२ जानेवारी, सोमवार

महादेव मामांनी आज प्रयोगशाळेत अडवलं. हातात परीक्षानळ्या, त्या पुसत पुसत बोलत होते.

"पोरी, मी बगितलाय तुला लिवताना. या टेबलाव बसून. एक नाय, चार वह्या. बाईंना मी सांगू काय?"

"नको, मामा."

"का नको?"

"तिघांच्या सह्या रद्द होतील."

"आनि तुजी?"

"माझी अजून झालीच नाहीये."

त्यांनी परीक्षानळी उजेडात धरून बघितली, पुन्हा पुसली. "मना काय तुमचा कलत नाय. मी शिपाई मानूस. पन आमी असा नसता केला." मग म्हणाले, "सकाली साडेसातला उघडतो मी. बसत जा इथं, घरी काय गडबड असल."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला कळतं. कळून काय करू? आज अंकिताला सांगून बघावं म्हणून फोन केला होता, की तूच मॅडमना सांग. फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "महेक, तू आहेस म्हणून बरंय गं. दुसरी कोणी असती तर माझी वाट लावली असती." मग मी तिला विचारलं, जेवलीस का.

१५ जानेवारी, गुरुवार

अडचण अशी आहे की मला लिहायला अक्षरच उरलेलं नाही. सुंदर काढलं तर ते अंकिताचं. तिरकं प्रणितचं, सुटं अनुयाचं. मॅडमनी तिन्ही बघितलीत. मग पाचवीतली इंग्रजीची वही माळ्यावरून काढली, अब्बांच्या ब्रशांच्या डब्याखाली होती. त्यातलं अक्षर घेतलं. ओळ सोडून वर जाणारं, जी आणि वायच्या शेपट्या सरळ खाली तुटलेल्या. पहिले दोन प्रयोग लिहिताना हात आपोआप शेपटी वळवायचा, मग ते पान फाडायचं. आता सहाव्या प्रयोगापर्यंत आलेय आणि हात ऐकायला लागलाय.

अम्मी येऊन मागे उभी राहिली. "ही तर लिहिली होतीस ना तू? मी बघितली होती."

"मॅडमना परत हवीय."

"मग ही कशी लिहितेस, कोंबडी चालून गेल्यासारखी?"

म्हटलं, घाई आहे. तिने पहिली वही उघडली, नवीन वहीच्या शेजारी धरली आणि बराच वेळ बघितली. "कोणी तुला काही बोललं का?" मी नाही म्हणाले. ती चहा आणते म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही.

टाइमटेबल आता करत नाही. फिजिक्सचं पुस्तक गेल्या गुरुवारपासून बॅगेतून काढलेलं नाही. पेपर दहा फेब्रुवारीपासून आहेत, मध्येच रोजे सुरू होणार.

२० जानेवारी, मंगळवार

सही झाली. मॅडमनी पानं चाळली, एका ठिकाणी हसल्या. "आता कसं? ही तुझी वही. जरा वेडंवाकडं आहे, पण प्रामाणिक आहे." माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या खरोखर चांगल्या आहेत. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन ही डायरी उघडली, हे सगळं लिहिलं, आणि आत्ता वर बघितलं तर इथेसुद्धा तेच अक्षर उतरलंय. मागची पानं आणि हे पान दोन वेगळ्या मुलींनी लिहिल्यासारखं दिसतंय. बाजूला इंग्रजी अक्षरंही पुन्हा नीट काढून बघितली. वायची शेपटी अर्ध्यात थांबते. दोन-चार दिवसांत येईल परत, एवढं काही नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

बायोचं प्रॅक्टिकल झालं. माझा आणि अंकिताचा बैठक क्रमांक शेजारीच आहे. बाहेरच्या कॉलेजमधून आलेले परीक्षक वयस्कर होते, चष्मा कपाळावर. मला मातीच्या पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेबद्दल विचारलं. मी सांगितलं. कांद्याच्या मुळाचं टोकच का घेतात विचारलं. तेही सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मलाच नवल वाटलं. पाच वेळा लिहिलेलं सगळं तोंडातून आपोआप येत होतं. ते खूश झाले. "व्वा. कुठल्या क्लासला जाता?"

"कुठल्याच नाही, सर."

मग त्यांनी माझी वही उघडली आणि चष्मा खाली घेतला. दोन पानं बघून मिटली. "येतंय तुम्हाला सगळं. पण हे अक्षर? पेपर तपासणाऱ्याला वाचता आलं पाहिजे ना, बेटा." शेजारच्या टेबलावरून अंकिताची वही उचलली आणि माझ्यासमोर उघडी धरली. "ही बघा. अशी वही पाहिजे. मैत्रिणीकडून शिका जरा."

मी बघितली. अंकिता सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली होती, तिने वर पाहिलं नाही. कपाटाजवळ महादेव मामा उभे होते, ते खिडकीकडे वळले.

"छान आहे, सर," मी म्हणाले.

३० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे अब्बांची सुट्टी. फोन आला आणि पहिलाच प्रश्न, वहीचा फोटो कुठंय? प्रॅक्टिकल पण झालं, अजून पाठवला नाहीस. म्हटलं, दहा मिनिटांत पाठवते.

माझी पहिली वही मी दुसरी पूर्ण झाली त्याच दिवशी बंबात टाकली होती, अम्मीच्या पुन्हा हाती लागू नये म्हणून. दुसरीचा फोटो अब्बांना पाठवणं शक्यच नव्हतं. शेवटी अंकिताला मेसेज केला, तुझ्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठव, वरचं नाव येऊ देऊ नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. लगेच पाठवला, खाली एक लाल बदाम.

तो अब्बांना पुढे पाठवला. त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल केला. रूमवर चार-पाच जण होते, सगळ्यांना फोन दाखवत होते. "हे बघा. ती शेपटी बघितली आणि समजलं. हजार वह्या समोर ठेवा, माझ्या लेकीचं अक्षर मी डोळे झाकून ओळखीन. माशाल्लाह."

अम्मी माझ्या शेजारीच बसली होती. तिने फोनकडे बघितलं, मग टेबलावर पडलेल्या माझ्या वहीकडे. मग माझ्याकडे. मी नजर फोनवरून हलवली नाही.

"पेपरात पण असंच लिहायचं हां, बेटा," अब्बा म्हणाले.

मी हो म्हणाले.